तीस व्होल्टवर पटलेला सौदा

चाकणच्या त्या कंपनीत, चहाच्या सुट्टीत, सगळ्या कामगारांसमोर साहेब मला म्हणाले होते, "ताई, डुप्लिकेट माल भरलात तुम्ही." कोथिंबिरीच्या जुडीवरून मी भर बाजारात भांडते, कबूल. पण मी बनवते त्या सर्किट बोर्डांच्या मालात मी कधी हात आखडला नाही. मी दिलेले बोर्ड त्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांत बसायचे आणि गाडी चार्जिंगला लावली की जळायचे. "आणखी एक सॅम्पल आणा. तेही गेलं तर तुमचं काम बंद," असं सुनावून साहेब निघून गेले.

मी निघाले नाही. त्यांच्याच चार्जरवर मीटर लावला. एकोणतीस व्होल्ट! मला तिथंच हसू फुटलं.

जळत होता तो टीव्हीएस डायोड. मसुराएवढा काळा तुकडा, विजेची उसळी आली की स्वतःच्या अंगावर घेणारा. बॅटरी चोवीसची म्हणून साहेबांनी ड्रॉइंगमध्ये डायोडही चोवीसचाच लिहिला होता. बिचारा उसळीची वाट कसली बघतोय, रोजचं चार्जिंगच गिळून मरत होता. आणि डुप्लिकेट कोण, तर मी!

आमच्या वर्कशॉपमध्ये मी आणि माझी जाऊ डेटाशीट, म्हणजे डायोडचं माहितीपत्रक, पसरून बसलो. मला तर ती वाचताना बाजारात उभं राहिल्यासारखं वाटलं. प्रत्येक डायोडचे दोन आकडे असतात. पहिल्याच्या खाली तो तोंड उघडत नाही, दुसऱ्याच्या वर तो विजेला जाऊ देत नाही. समोरच्याचा शेवटचा भाव आधीच छापून मिळालेला! असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं.

नवं सॅम्पल घेऊन दोघी गेलो. एकोणतीसचा आकडा ऐकून साहेब जरा वरमले, पण लगेच म्हणाले, "मग छत्तीसचा टाका. लांब असलेला बरा."

"छत्तीसचा उसळीत अठ्ठावन्नपर्यंत जाऊ देतो. तुमची चिप पन्नासला मरते."

"तेहतीसचा?"

"त्रेपन्न."

"एकतीस तरी करा."

"एकतीसचा निघतच नाही, साहेब. तीस. एकोणतीसला गप्प बसतो, उसळीला अठ्ठेचाळीसवर अडवतो. तोच लावून आणलाय."

जाऊ मध्येच बोलली, "साहेब, सोडा आता. ही चार-चार साडीवाल्यांना रडवून येती, तुमी तर एकटंच हाय."

गाडी चार्जरला लावली. मी डायोडवर बोट ठेवलं. गार! साहेबांनी मोटर चालू-बंद, चालू-बंद करून जेवढ्या उसळ्या काढता येतील तेवढ्या काढल्या. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. जाऊनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मीटर हातातून पडला.

"ठीक आहे ताई, काम चालू ठेवा," साहेब पुटपुटले.

"एवढ्या हळू? त्या दिवशी कँटीनपर्यंत ऐकू गेलं होतं."

चहाची वेळ झालीच होती. साहेबांनी घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंचा माल चांगला होता. ड्रॉइंग माझं चुकलं होतं." मागून कुणीतरी शिट्टी मारली.

परत येताना स्कूटरवर आम्ही इतक्या खिदळत होतो की वळण चुकलं आणि थेट आळंदीच्या रस्त्याला लागलो. राग गेला का? छे! पण त्या दिवशी त्या रागाला बोलायला जागाच मिळाली नाही.