अंगणापर्यंतचा बेत

आधी आक्कांचं सांगते, मग बाकीचं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पेडगावच्या घरात मी परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली पोर म्हणून आले, तेव्हापासून माझ्या बाजूनं बोलणारं माणूस एकच, त्या. पुढे जे झालं ते त्यांच्या हातातलं नव्हतं, पण त्यांनी जे केलं ते कुठं तरी लिहिलेलं असावं. माझी शाळा तिसरीत सुटली. काही वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्यावं.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या तोंडाशी. मामा निजामाच्या रेल्वेत पूर्णेला फिटर होते, त्यांनी हे स्थळ जमवलं. पुढे मामा गेले. वडील आधीच नव्हते, भाऊ मुळात नाही. आणि सासरची रीत अशी, की माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेनं माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. न्यायला येणारं कुणी उरलंच नव्हतं. आईला अर्धांगवायू झाला हे कळलं, तेव्हा तिला पाहून बरीच वर्षं झाली होती.

त्या हिवाळ्यात ईद जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारला, लागून आली. निजामीत कचेऱ्यांची सुट्टी जुम्म्याची, त्यामुळे दिवस सलग मोकळे. आक्कांचा धाकटा भाऊ परभणीला एका वकिलांची मोटार चालवायचा. वकीलसाहेबांनी मागेपुढे कोर्टाच्या तारखा न घेता बायकोला समुद्र दाखवायचं ठरवलं. घाट उतरायचा आणि काठाकाठानं मोटार न्यायची. लढाईमुळे पेट्रोल मोजून मिळे, ते त्यांनी साठवून ठेवलं होतं. सोबतीला त्या मुलखातलं कुणी तरी हवं होतं. भाऊनं हे आक्कांना सांगितलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं माझं नाव घेतलं.

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, जोंधळे पाखडत होत्या.

“न्यायला कोण आलंय हिला?”

“माहेराला कुठं चाललीय ती?” आक्का म्हणाल्या. “मोटारीला रस्ता दावायला चाललीय. मीबी हाय संगं.”

“रस्ता दावायला सून. लय शानी झालीस.”

“उंबरा न्हाई ओलांडणार. अंगणात बसंल. अंगण काय घर आसतंय का?”

आत्याबाई बराच वेळ सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “अंगणातच मग. पानी पी म्हणावं, जेवायचं न्हाई.”

त्यानंतर दर जुम्म्याला भाऊ परभणीहून आगगाडीनं यायचा आणि आमचा बेत सुरू व्हायचा. मला घोर लागला होता, कारण रस्ता मला ठाऊकच नव्हता. लहानपणी मी जे पाहिलं ते होडीतून. गावांची नावं मला बंदरांच्या ओळीनं येत. पहिल्याच बैठकीत मी ते रडत रडत सांगून टाकलं.

“त्यात रडायलीस काय?” आक्का म्हणाल्या. “काठानं जात ऱ्हायलं की गाव येतंयच.”

नदीकाठच पाहिलेल्या माणसाला असं वाटणारच. मी सांगितलं, मधे खाड्या आहेत, त्यांच्यावर पूल नाहीत.

“मंग मोटार?” भाऊनं विचारलं.

“दोन होड्यांवर फळ्या टाकून त्यावर चढवतात. भरतीची वाट बघावी लागते.”

“वकीलसाहेबाला सांगतो, आधी मोटारीला पवायला शिकवा.”

“तू शीक आधी. वढ्यात घोट्याएवढ्या पाण्यात बोंबलत हुतास.”

आम्ही हसलो. आक्का मात्र लगेच आपल्या मुद्द्यावर यायच्या. आईला उठता येत नव्हतं आणि मला आत जाता येणार नव्हतं, मग भेट व्हायची कशी?

“बाज उचलायची,” त्या म्हणाल्या. “एका अंगाला मी, एका अंगाला ह्यो. दारातून बाज निघंल का?”

मी हात पसरून दाराची रुंदी दाखवायला गेले. नेमकी आठवेना. एकदा जास्त दाखवली, एकदा कमी.

“ऱ्हाऊ दे. न्हाई निघाली तर मी तिला उचलून आणीन.”

ईदेच्या सुमाराला मोटारीनं येते, असं आईला कार्ड टाकलं. निजताना आक्का हळूच विचारायच्या, “समिंदराचा पल्याडचा काठ दिसतच न्हाई? मंग माणसं भ्येत न्हाईत का?”

निघायच्या आदल्या दिवशी आमचे मालक भर दुपारी स्टेशनवरून घरी आले. ते तिथे सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, अशा वेळी कधी येत नसत. दारातच थांबून त्यांनी आक्कांना बाहेर बोलावलं. आक्का आत आल्या, माझ्या पुढची परात बाजूला सारली आणि मला टेकून बसल्या. तार आली होती. आई गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार दाराशी आली. मला सुतक. वकिलीणबाई म्हणाल्या, निदान आक्कांनी तरी चलावं, जागा आहे. आत्याबाईंनीसुद्धा जा म्हटलं. आमच्या गावात माझ्याशिवाय समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं. आक्कांनी बांधलेलं गाठोडं सोडलं, लुगडं परत दांडीवर टाकलं आणि भाऊला म्हणाल्या, “तू जा. हिच्या घरी जाऊन ये. तुला कुठली रीत? तू अंगणात थांबू नको, आत जा.”

सुतक फिटलं तरी त्यांनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही, माझ्या वाटणीचं कामही त्याच उरकायच्या. भाऊ परत आला तेव्हा आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. तो खाली मान घालून सांगत होता. कार्ड वाचून दाखवल्यापासून आईनं आपली बाज बाहेर पडवीत काढायला लावली होती. गारठा आहे, आत चल म्हटलं तर ऐकेना. “‘लेक आत यायची न्हाई, तिकडची रीत तशी हाय,’ आसं म्हनायची म्हणं. शेजारीण सांगत हुती.”

त्या गारठ्यानंच ती गेली का, हे मी भाऊला विचारलं नाही. अजून कुणालाच विचारलेलं नाही.

जरा वेळानं त्यानं विषय बदलायला म्हणून सुरुवात केली, “आक्का, समिंदर म्हणजे...”

“त्ये नको सांगू मला,” आक्का म्हणाल्या. “हिच्यासंगं बघीन मी.”

त्यानंतर निजामी गेली. मोटारी वाढल्या, आमच्या घरात पोरंबाळं झाली, आणि दर वर्षी जाण्याच्या आड काही तरी आलं. आक्का एका शब्दानं आठवण देत नाहीत, म्हणून मलाच जास्त धाकधूक होते. आता त्यांना कट्ट्यावरून उतरताना भिंत धरावी लागते. मी त्यांना कोकणात नेईन. मला न्यायला कुणी आलं नाही, त्यांना मी स्वतः घेऊन जाईन, समुद्र दाखवीन आणि आईच्या पडवीत बसवून जेवू घालीन. हे माझ्याकडून राहिलेलं आहे, आणि ते मी करीन.