गाणं सोडून लांब जाताना

उदगीरच्या स्टँडवर अब्बांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. ते बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. भूकंपाचं वर्ष होतं. त्या हंगामात लग्नं झाली तीही वाजंत्रीशिवाय. "तू पढ ले. बाजा मैं देख लेतूं," एवढंच म्हणाले. मी क्लाससाठी लातूरला निघालो होतो.

लातूरनंतर पुणं, इंजिनीअरिंग, नोकरी. तुमच्यातले जे असेच निघाले, त्यांना हा रस्ता सांगायला नको. पुण्यात एका मित्राच्या घरी मी पहिल्यांदा जॅझ ऐकलं. आधी वाटलं, वाजवणारे आपसांत भांडतायत. मग त्यातली क्लॅरिनेट गाणं सोडून भलतीकडेच निघाली आणि मला अब्बा आठवले. वरात चौकात थांबली, नाचणारे रंगात आले की तेही असेच निघायचे. मी सॅक्सोफोन घेतला, शिकलो, शनिवारी एका कॅफेत वाजवू लागलो. ऐकणारे मोजकेच, जाणकार. आपल्या माणसांना हे ऐकवावं, असं सारखं वाटायचं.

धाकट्या बहिणीच्या लग्नात दोघा मित्रांना घेऊन गेलो. जीव ओतून वाजवलं. थोड्याच वेळात माणसं जेवणाच्या मंडपाकडे बघू लागली. शेजारचे शिवलिंगअप्पा, आडतवाले, मायेनं म्हणाले, "बाळा, गाणं कवा सुरू व्हनार हाय?"

अब्बांनी मान खाली घातली. मी थांबलो आणि अप्पांनाच विचारलं, कोणतं वाजवू? त्यांनी वरातीतलं एक जुनं गाणं सांगितलं. ते सरळ वाजवलं, तशा बायका टाळ्या धरून गाऊ लागल्या. मग म्हणालो, "आता मी गाणं सोडून जरा लांब जातो. तुम्ही टाळ्या थांबवू नका. त्यांच्या आधारानं परत येतो."

टाळ्या चालू राहिल्या. मी पार लांब भटकलो. सूर पुन्हा गाण्याला येऊन मिळाला तेव्हा अप्पा उठून उभे राहिले. "आला बगा, आला." सगळा मंडप हसला. अब्बांनी घरातून क्लॅरिनेट मागवली. छातीत दम उरला नव्हता. दोन ओळी वाजवून त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अब तू बजा. मैं सुनतूं."

अब्बा आता नाहीत. मी पुण्यातच राहतो, मुलांच्या शाळा इथं. पण नवं काही बसवलं की आधी उदगीरला नेतो. अप्पांच्या ओट्यावर शेजारपाजारचे जमतात. घर म्हणजे माझ्यासाठी आता हीच माणसं. कळलं नाही तर तोंडावर सांगतात, पण कळेपर्यंत उठून जात नाहीत.