गोग्रासाचं प्यादं

ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीवरून येणारा, चिखलाचा आणि मिठागरांचा तो खारट, किंचित कुजकट वास आजही नाकाशी आला, की मला बुद्धिबळाचा पट आठवतो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. सेक्टर नवा, भिंतींचा चुना कोरा, रस्त्याकडेची झाडं कमरेएवढीही नाहीत. आणि माघातलं तिरपं, सोनेरी ऊन गॅलरीत उतरलं, की मी आणि माझा नवरा वसंत मधे पट मांडून बसत असू. खेळ त्यानेच शिकवला, लग्नानंतर. वर्षभरात मी त्याला हरवू लागले, तेव्हा त्याला कौतुक वाटलं. निदान मला तसं वाटलं.

त्या वर्षी सोसायटीच्या स्पर्धेत मी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. समोर वसंतच्या ऑफिसातले साहेब. पहिल्या स्पर्धेपासून कप त्यांच्याच दिवाणखान्यात होता. गतविजेता काळे मोहरे घेणार आणि बरोबरी झाली तर कप त्याच्याकडेच राहणार, असा सोसायटीचा नियम. आणि साहेबांचा बचाव म्हणजे चिरेबंदी काम. वजिराकडच्या उंटाचं प्यादं एक घर सरकवायचं, त्याच्या आधाराने वजिराचं प्यादं मध्यावर आणायचं आणि समोरच्याचा धीर सुटेपर्यंत वाट पाहायची. सबुरीने खेळून मला भागणार नव्हतं. मला घाव घालायचा होता.

महिनाभर आम्ही तो घाव शोधला. साहेबांनी माझं राजाचं प्यादं मारलं, की त्यांचं प्यादं परत मारायचं नाही. उलट शेजारचं एक प्यादं पुढे करून तेही त्यांच्या पुढ्यात ठेवायचं. त्यांनी ते खाल्लं, की माझा घोडा उसळून बाहेर येणार, हत्तीची वाट मोकळी होणार आणि त्यांच्या राजाला श्वास घ्यायला फुरसत उरणार नाही. या प्याद्याचं बारसं वसंतनेच केलं. रोज पहिल्या पोळीचा तुकडा मी गोग्रास म्हणून काढत असे. सेक्टरात गाय कुठली, कठड्यावर ठेवलेला तो घास कावळेच न्यायचे! "आधी गोग्रास, मग जेवण," प्यादं पुढे सारत वसंत हसला होता. तो शब्द आम्हा दोघांचाच होता, गॅलरीबाहेर कुणालाही ठाऊक नसलेला.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चवथ्या खेळीला मी ते प्यादं पुढे केलं. साहेबांनी चष्मा पुसला, पटाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, आणि मंद हसून म्हणाले, "गोग्रास आम्ही घेत नाही हो, वहिनी."

त्यांनी ते खाल्लं नाही, आपलं प्यादं नुसतं एक घर पुढे ढकललं. माझ्या उंटाने ते टिपलं, पण हत्तीची वाट बंदच राहिली आणि डाव हळूहळू विझत गेला. दोन तासांनी बरोबरी झाली. मी मान वर केली, तेव्हा वसंत टाळ्या वाजवत होता.

"तू सांगितलंस?" जिना चढताना मी विचारलं.

"अगं, बसस्टॉपवर सहज विषय निघाला. कौतुकानेच सांगितलं तुझं. टेन्शन काय घेतेस? गेमच आहे ना!"

कौतुक! कप गेल्याचं मला फारसं वाटलं नाही. पुढल्या वर्षी पुन्हा लढले असते. पण आमच्या गॅलरीतला शब्द परक्याच्या ओठांवर ऐकताना जी लाज वाटली, ती भर बाजारात पदर ओढला जावा तशी होती. मला फसवलं होतं, तेही माझ्याच माणसाने, हसत हसत. भीतीपोटी, साहेबांच्या मर्जीसाठी की खरोखरच भोळेपणाने, हे मी त्याला विचारलं नाही. त्यातलं कुठलंही उत्तर मला सोसलं नसतं.

सोमवारी सकाळी पहिली पोळी तव्यावरून उतरली. खिडकीतून तोच खारा वास येत होता, आणि वसंत डब्याची वाट पाहत दाराशी उभा होता. सवयीने मी तुकडा मोडला आणि हात थबकला. काढून ठेवणाऱ्याला पुण्य लाभतं. त्या घासाला मात्र कुणी कधी विचारत नाही. साहेबांच्या पुढ्यात वसंतने कुणाला काढून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

कठड्यावर कावळा येऊन बसला होता. त्याच्याकडे पाहत, उभ्या उभ्याच, तो घास मी खाल्ला.