खडपाची खूण

ऑगस्टमधल्या त्या सकाळी कॉलेजच्या लांब व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा आणि नव्या चुन्याचा वास कोंडला होता, आणि भिंतीवरच्या हिरव्या फलकावर, टाचण्यांनी ताणून बसवलेल्या कागदांमध्ये, माझं अक्षर होतं. प्रवेशासाठी मी लिहून पाठवलेला निबंध. नव्या मुलांची एकमेकांना ओळख व्हावी म्हणून इथे दरवर्षी हे निबंध लावतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी सुखच वाटलं. मग मी तो परक्याचा असावा तसा वाचत गेले, आणि तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबले.

अलिबागच्या अलीकडे, जुन्या बागेत वसलेलं हे कॉलेज इतकं लहान आहे की आठवड्याभरात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे नावानं हाक मारू लागतात. इतिहास शिकणाऱ्या मुलीनं वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसावं, याचं इथे कोणाला नवल वाटत नाही. श्रीवर्धनकडच्या आमच्या वाडीत बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. प्रवेशाच्या अर्जात एकच मोठा प्रश्न होता: तुम्हाला ठाऊक आहे आणि इतरांना ठाऊक नाही, अशा एखाद्या गोष्टीविषयी लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. मी दोन दिवस त्या प्रश्नासमोर रिकामी बसून राहिले. शहरातल्या मुलांनी प्रवास केलेले, वाद्यं शिकलेली. मला काय ठाऊक होतं? तिसऱ्या दिवशी मला बाबाचं खडप आठवलं.

खडप म्हणजे समुद्राच्या तळाशी बुडालेला खडक. त्याच्या कपारींत तांबोशी, हेकरू असे मोठे मासे राहतात, आणि ज्याला ते खडप नेमकं सापडतं त्याची होडी सहसा रिकामी परतत नाही. मोठ्या बोटींवर आता यंत्रं आली आहेत. बाबा मात्र त्याच्या लहान होडीतून अजून काठावरच्या खुणा धरून जातो. देवळाचा कळस टेकडीच्या खिंडीत बसला पाहिजे, आणि त्याच क्षणी दक्षिणेकडचा एकटा ताड पडक्या बुरुजाच्या डाव्या कडेला टेकला पाहिजे. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे गळ सोडायचा. मी दहा वर्षांची असताना किनाऱ्यावर जाळं सांधता सांधता, मी फारच मागे लागल्यावर, बाबानं हे मला सांगितलं होतं. खुणा घराबाहेर जात नाहीत, हे वेगळं सांगायची आमच्यात गरज नसते. सख्खे शेजारीसुद्धा दुसऱ्याची होडी कुठे थांबते ते बघत नाहीत. बघितलं तरी मान वळवतात.

आणि मी ते सगळं, गावाच्या नावासकट, सुंदर वाक्यांत लिहून दिलं होतं. मुलाखतीला बसलेल्या तिघांनी तो निबंध वाखाणला तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही. ती शहरातली माणसं होती, त्यांच्या घरी होड्या नव्हत्या. कागदाला पाय फुटतात हे कळायला मला तो फलक बघावा लागला.

"तुझ्या बाबाचं खडप तर आमच्या दारातच निघालं की," मागून राकेश म्हणाला. तो माझ्याच वर्गातला, आमच्या शेजारच्या बंदरावरचा. त्याच्या घरच्या दोन बोटी. "दाद्याला फोटो पाठवतो. म्हणावं, डिझेल वाचव."

"पाठवलास?"

"अगं, मस्करी करतोय. केवढी घाबरतेस."

तो हसत निघून गेला. त्याच्या हातात फोन होता, पण हल्ली कोणाच्या हातात नसतो? मी तशीच साठे मॅडमच्या खोलीत गेले. मुलाखतीतल्या तिघांपैकी त्या एक. निबंध काढून घ्या एवढंच म्हटलं. त्यांना वाटलं मला लाज वाटते आहे, म्हणून त्या माझ्या भाषेचं कौतुक करू लागल्या, आणि मला रडू कोसळलं. मग मात्र त्यांनी खरं कारण ऐकून घेतलं, स्वतः उठून आल्या, एकेक टाचणी काढून कागद माझ्या हाती दिला. "हे मला विचारायला हवं होतं तुला," त्या म्हणाल्या. फलकावर रिकामा हिरवा चौकोन उरला. तोवर तो निबंध वाचून गेलेल्या डोळ्यांचं काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या पाण्यात उतरल्या. एरवी ज्या दिवसांची आम्ही वाट पाहतो, ते दिवस मी भीत भीत काढले. वर्गात तत्त्वज्ञानाचे सर ज्ञान म्हणजे काय यावर बोलत असायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या छेदबिंदूवर दोन अनोळखी बोटी नांगर टाकून उभ्या असायच्या. रोज संध्याकाळी मी आईला फोन करून आज बाबाला काय मिळालं ते विचारी. कधी भरपूर असे, कधी चार बोंबील. बोंबील म्हणजे त्या दिवशी खडपानं काही दिलं नाही.

"कालेजात शिकतेस का मासळीचा लिलाव धरतेस गो?" आई एकदा म्हणाली. मी हसल्यासारखं केलं. सप्टेंबर संपता संपता सलग नऊ दिवस होडी जवळजवळ रिकामी आली. वारा फिरलाय, आई म्हणाली. मी त्या नऊ दिवसांत राकेशच्या चेहऱ्याकडे बघूसुद्धा शकले नाही. त्यानं खरोखरच काही केलं नसेल तर मी त्याच्यावर केवढा अन्याय करत होते, हेही तेव्हा कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. म्हसळ्यापासूनच हवेत कापलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास होता, आणि वाडीत शिरल्यावर त्यावर सुकत्या मासळीचा वास चढला. चार वाजताच्या कलत्या उन्हात बाबा किनाऱ्यावर होडीला तेल देत होता. मी वाळूत उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, फलक, राकेश, नऊ दिवस. तो बोळा फिरवत राहिला. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला,

"कळस लिवलास?"

"हो."

"आनि ताड?"

"हो."

"मग काय न्हाय झालं. कळस बरोबर हाय. ताड न्हाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुला यकच रेघ खरी सांगितली व्हती. उद्या लगीन होऊन तू दुसऱ्या बंदराला जाशील बाय, तितं पन होड्या असत्यात. समद्यांच्या पोरींचं असंच करत्यात."

माझ्या चुलतभावाला दोन्ही रेघा ठाऊक आहेत. तो होडीवर जातो. अडीच महिने जे गुपित फुटल्याच्या धास्तीनं मी झोपले नव्हते, ते पुरतं माझ्याकडे कधी नव्हतंच. भीती उतरली, आणि ती जिथे होती ती जागा एकदम थंड पडली. मला माहीत आहे आणि इतरांना नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर मला प्रवेश मिळाला होता.

बाबानं बोळा खाली ठेवला. कागद उतरवून घेतला ना, असं त्यानं मला विचारलं, मी हो म्हटलं. मग तो उठून माझ्या शेजारी आला, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला, आणि मला वाटतं तो आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या मुलीला खरी खूण दाखवायला हात वर करत होता.

"त्यो बघ, बुरुजाच्या पल्याड..."

"नको, बाबा," मी म्हणाले. "मला नको सांगूस."

त्याचा हात तसाच राहिला, थोडा वेळ. मला ते फार हवं होतं. पण आता मला माझी ओळख पटली होती. मी लिहिणारी झाले होते. उद्या कोणी पुन्हा असाच एक चांगला प्रश्न विचारला, तर मी काय करीन याची खात्री मला नव्हती, अजूनही नाही. मी मान वळवली आणि बाबाचा हात ज्या दिशेला होता तिकडे, तो खाली येईपर्यंत, पाहिलं नाही.