निवळलेला माणूस

त्या वर्षी माझ्या नवऱ्याचा राग गेला, आणि अवघ्या पेणने त्याचे कौतुक केले.

ते शाळेत गणित शिकवीत. त्यांचा आवाज दोन वर्गखोल्या ओलांडून मैदानापर्यंत जाई. उत्तर चुकले की फळ्यावर खडू मोडे. सेहेचाळिसाव्या वर्षी तो आवाज हळूहळू खाली बसला. मुले चुकली तर ते नुसते पाहत, आणि मग खुर्चीत टेकत. बाजारात शाळेचा शिपाई मला म्हणाला, "बाई, सर आता वरडत नाय. पोरांना करमत नाय." शेजारणींच्या मते मी नशीबवान होते, नवरा या वयात निवळतो तरी कुणाचा?

मलाही सुख वाटत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जी गोंधळले ती त्यामुळेच.

शरीर मात्र निराळे काही सांगत होते. न्हाणीघराच्या दाराआडून येणारी रेझरची खरखर मी वीस वर्षे रोज सकाळी ऐकत आले होते. ती आता चार दिवसांनी, मग आठवड्याने येऊ लागली. आणि आली तरी साबणाच्या वडीवरून बोट फिरावे इतकी अस्पष्ट. घाम आणि खडू मिळून त्यांच्या सदऱ्याला जो एक उग्र, ओळखीचा वास असे, तो विरत गेला. दिवसभर घातलेला सदरा हुंगावा तर तो घडीचाच वाटे. नडग्या गुळगुळीत झाल्या. दुपारी जेवून आडवे झालेले ते दिवेलागणीला उठत, तरीही न झोपल्यासारखे. आमच्या दोन उशांमध्ये जे अंतर पडले होते, त्याविषयी कुणीच बोलत नव्हते. मी आरशात स्वतःला पाही. हे वय म्हणावे, वैराग्य म्हणावे, की माझ्यातच काही आटले होते? उत्तरे बदलत; एकही पुरेसे वाटत नसे.

अखेर डॉक्टरकडे गेलो. तो त्यांचा विद्यार्थी. आम्ही आत जाताच तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्ही पिरगाळलेला हा कान अजून लाल आहे," तो म्हणाला. "आणि आता शांत झालात, तर तक्रार घेऊन आलात? लोक त्यासाठी शिबिरांना जातात."

सरही हसले. थकवा येतो, एवढेच म्हणाले. ज्याला कोन आणि त्रिकोण शिकवले, त्याच्यापुढे आणखी काय उघडे करणार? मी दाढीचे सांगू पाहिले. "काकू, वय होतं," असे म्हणत त्याने कागदावर 'थकवा' लिहिले आणि बी-बाराची इंजेक्शने दिली. दुसरा डॉक्टरही यांचाच विद्यार्थी, पहिल्याच्या दोन वर्षे मागचा. त्याने साखर तपासली, थायरॉइड तपासले, आणि सरांचे रिपोर्ट आपल्या स्वतःच्या रिपोर्टपेक्षा चांगले असल्याचे आनंदाने सांगितले. तिसऱ्याने शाळेचा ताण कमी करायला सांगून झोपेची गोळी लिहिली. कुणीही आम्हाला वाईट वागवले नाही. प्रत्येक जण उभा राहिला, प्रत्येकाने चहा विचारला, आणि कुणीच ऐकून घेतले नाही.

दीड वर्ष असे गेल्यावर मला कळले, की आम्हाला असा डॉक्टर हवा आहे, जो यांच्याकडे गणित शिकलेला नाही. असा एक रोह्याला होता. परगावाहून आलेला, वयस्क, जरा रुक्ष. आम्ही आत गेलो तेव्हा तो खुर्चीवरून हलला नाही. मला तेवढ्यानेच धीर आला.

त्याने मला बाहेर बसायला सांगितले. औद्योगिक वसाहतीकडून येणारा आंबट, पत्र्यासारखा वास त्या बाकावरही होता. बऱ्याच वेळाने त्याने मला आत बोलावले. यांचे कान लाल झाले होते, नजर पायांकडे. मी खरखरीचे, वासाचे सांगू लागले, आणि माझे शब्द नको तितके अलंकृत होत आहेत असे मला वाटले.

"दाढी किती दिवसांनी करतात?" त्याने मध्येच विचारले.

"आठ."

"पूर्वी?"

"रोज."

"हे आधी कुणाला सांगितलं होतंत?"

"तिघांना."

"त्यांनी काय लिहिलं?"

"थकवा," मी म्हणाले.

त्याने टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, तपासणी लिहिली, सकाळी, उपाशीपोटी. नुसत्या वयाने इतके होत नाही, म्हणाला. आकडा कमी आला. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतले, पुन्हा कमी. मेंदूखालच्या एका लहानशा ग्रंथीकडून इशारा जात नसावा, म्हणून आधी स्कॅन आणि मग इंजेक्शने, असे त्याने समजावले. सगळे पूर्ववत होईल, असे वचन मात्र दिले नाही.

परतीच्या एसटीत नागोठणे मागे पडले. गडब गावाजवळ भाताची खाचरे दिसू लागली, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी आळशी झालो नव्हतो."

दोन वर्षे हा माणूस स्वतःला आळशी म्हणत होता, आणि मी शेजारी बसून त्याच्या शांतपणाचे सुख घेत होते.

"मी असा झालो, तेव्हा तुला बरं वाटलं होतं ना?"

खोटे बोलता आले असते. "हो," मी म्हणाले. "थोडं."

"मलाही," ते म्हणाले. "मुलं घाबरत नव्हती."

मांडीवर रिपोर्टचा लिफाफा होता. त्यात एक आकडा होता, आणि तो खरा होता. तो खरा ठरावा म्हणून आम्ही इतके हिंडलो होतो. पण यांच्यातला किती भाग त्या आकड्याचा आणि किती यांचा स्वतःचा, ते त्यात कुठे लिहिले नव्हते. औषधाने थकव्याबरोबर हा शांतपणाही जाईल का, खरखरीबरोबर रागही परत येईल का, हे विचारायचे मला रोह्यात सुचलेच नाही.

"स्कॅनला गुरुवारी जाऊ," ते म्हणाले. "त्या दिवशी माझे दोनच तास आहेत."