आक्काचं बाळंतपण कराडला

लग्नानंतर मी कराडला निघाले, तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी आई उभी होती. थोरली बहीण शालनआक्का स्टँडवर येऊ शकली नाही. बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि नंतर ताप आला म्हणून गावातल्या डॉक्टरनं तिला इंजेक्शन दिलं होतं. एकच सुई, कापसानं पुसून सगळ्यांना टोचायची. त्या जागी मोठं गळू झालं. लेकराला मांडीवर घेऊन बसणंसुद्धा तिला जमेना. आमचं गाव आटपाडी मागे पडलं तरी तिचं कण्हणं माझ्या कानात होतं.

कराडात मी हळूहळू रुळले. नवरा साखर कारखान्यात, भाड्याच्या दोन खोल्या, दारात नळ. शिफ्ट, ड्युटी, ओव्हरटाइम असले शब्द माझ्याही तोंडी बसले. पण कुणी गाव विचारलं, की मी आटपाडीच सांगायची.

पुढे आक्काला पुन्हा दिवस गेले. नागपंचमीला मी माहेरी गेले, तर तीही आलेली; पाय सुजलेले, तोंडही सुजलेलं.

"दवाखान्यात दाखवलंस का?"

"सुईचं नाव काढू नगंस. मरंन, पण टोचून घ्यायची न्हाई."

"सुईण हाय की गावात," आई म्हणाली, पण तिचाही आवाज खोल गेला होता.

मी आक्काचा हात धरला. "माझ्याकडं चल. सुई नवी नसली, तर दोघी उठून येऊ."

आक्का आईकडं बघत राहिली. बाळंतपण माहेरातच व्हायचं, हा आईचा हट्ट. आईनं तिच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. म्हणाली, "जा बाई. हितं माझाबी जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

कराडच्या दवाखान्यात आक्काचं बीपी फार वाढलेलं निघालं. इंजेक्शन घेऊन आलेल्या नर्सबाईंचा हातच तिनं धरला. "बाई, सुई कोरी हाय न्हवं?"

त्या रागावतील असं वाटलं. पण त्यांनी बंद पाकीट तिच्या हातात दिलं. "बघा. तुमच्यासमोरच फोडते."

आक्कानं पाकीट उलटसुलट करून बघितलं, मग दंड पुढं केला आणि डोळे गच्च मिटून माझा हात आवळला.

डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

मग आई आली. आमच्या मोरीत पाय पसरून तिनं नातीला न्हाऊ घातलं. शेजारच्या वहिनी बाळ बघायला आल्या. "माहेर कुठलं तुमचं?" त्यांनी आक्काला विचारलं.

बाळाला मांडीवर पाजत आक्का म्हणाली, "हेच की."

आईनं मान वर केली नाही, नुसती हसली. मी चहा टाकायला आत वळले आणि डोळे पुसले. कराडला माझं घर म्हणायला मी त्या दिवसापासून लागले.