आधी चौकात, मग छापखान्यात

"वाचून दाखवलं का?"

लेख हातात घेण्याआधीच बाई हे विचारायच्या. ज्या बायकांवर लिहिलंय त्यांनी तो ऐकला नसेल, तर बाईंच्या लेखी तो लेखच नव्हता.

स्त्री-अभ्यासाचं आमचं सहामाही नियतकालिक लखनौहून इंग्रजीत निघायचं. बाई संपादक, मी मदतनीस आणि हंगामी लेक्चरर. कचेरी म्हणजे विभागातल्या जिन्याखालचा कोपरा. आम्ही दोघी नागपूरकडच्या, त्यामुळे बाकीच्यांना त्या 'आप' म्हणत आणि मला 'अगं कार्टे'. हा मान माझा एकटीचाच होता.

एका प्रोफेसरसाहेबांनी गृहिणींच्या श्रमांवर लेख दिला. तळटिपांची नुसती रेलचेल. बाईंनी गोड आवाजात विचारलं, घरी वाचून दाखवलात का? साहेब लेख घेऊन गेले ते गेलेच. पुढे दोन अंक ते आम्हाला पाहून रस्ता बदलत होते.

बाई स्वतः रिक्षाने चौकात, म्हणजे जुन्या लखनौतल्या त्या नावाच्या मोहल्ल्यात जायच्या आणि तिथल्या बायकांना इंग्रजी लेख हिंदीत सांगायच्या. हिंदी त्यांचं दिव्य. "मेरे को बताओ, इसमें क्या गलत है," असं त्या बिनदिक्कत म्हणत आणि लखनौच्या त्या बायका अदबीने दुपट्टा तोंडाला लावत. हसू दाबायला तुम्हालाही जड गेलं असतं.

मग माझी पाळी आली. चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायकांवर मी लेख लिहिला. नोकरीत कायम व्हायचं तर तो छापून येणं भाग होतं. त्यातलं सगळ्यात जोरदार पान तिथल्या एका खालाबद्दल, म्हणजे मावशीबद्दल होतं. कापडाचे धागे सुईने सारून बारीक जाळी करता करता तिची नजर अधू झाली होती. नाव मी घातलं नव्हतं, पण त्या गल्लीत जाळी करणारी ती एकटीच.

बाईंबरोबर चौकात जाऊन मी लेख वाचून दाखवला. खालाने सगळं ऐकलं. म्हणाली, "बिटिया, सब सही लिखा है. बस आँखों वाली बात निकाल दो. ठेकेदार काम नहीं देगा."

बाईंनी तिथेच पान काढून पर्समध्ये टाकलं. बाहेर आल्यावर मी भांडले. लेखाचा जीवच तो होता, आणि ठेकेदाराला इंग्रजी येतं कुठे?

"त्याच्या मुलाला येतं," बाई म्हणाल्या. "तुझ्याच वर्गात बसतो."

निवड समितीला लेखातला पुरावा तोकडा वाटला. कायम होणं लांबलं. महिनाभर मी बाईंशी धड बोलले नाही. त्यांनी समजूत काढली नाही. रुसवा संपला की सांग, प्रुफं पडलीत, एवढंच म्हणाल्या.

पुढे मी कायम झाले. बाई निवृत्त झाल्या, नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. अंकाचं संपादन माझ्याकडे आलं. कपाट आवरताना एक फाईल सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'अजून नाही'. आत इतक्या वर्षांत काढलेली पानं, प्रत्येकावर कुणी नको म्हटलं ते लिहिलेलं. माझंही पान होतं. मला वाटलं होतं, त्यांनी ते फाडून टाकलं.

मी ते घेऊन चौकात गेले. खाला भिंतीला टेकून बसली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं. बडी आपा नहीं आईं, असं बाईंबद्दल विचारलं. बाई गेल्याचं मी सांगितलं. ते पान आणलंय हे कळल्यावर ती वाच म्हणाली. मी पान वाचलं.

"अब छाप दो, बिटिया," ती म्हणाली. "अब तो बिल्कुल नहीं दिखता."

गल्लीच्या तोंडाशी मी बराच वेळ उभी राहिले. बाई, तुमचं बरोबर होतं, हे आयुष्यात एकदा तरी मला त्यांना सांगायचं होतं.